नऊ महिने नऊ दिवस : नागपुरातल्या आई-बाबांचे अनुभव

मला सध्या सतरावा आठवडा सुरू आहे. घरचे लोक महिन्यांत बोलतात, डॉक्टर आठवड्यांत बोलतात आणि सासूबाई पंचांग उघडून तिथी सांगतात. त्यामुळे मी नेमकी किती दिवसांची गरोदर आहे, या एकाच प्रश्नाला आमच्या घरात तीन उत्तरे आहेत. (दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे पहिले दोन आठवडे मी गरोदर नसतानाच गरोदर होते, हे माझ्या नवऱ्याला अजूनही पटलेले नाही.)

या काळात माझ्या कानावर दोनच प्रकारचे बोलणे आले. एक कौतुकाचे, की आता दोन जिवांची आहेस, खा आणि आराम कर. दुसरे भीतीचे, की पपई नको, जिना नको आणि अमकीचे सातव्यात काय झाले ते तुला ठाऊक आहे का. या दोहोंच्या मधले कोणी सांगत नाही. सकाळी कामावर जाताना कोपऱ्यावरच्या ठेल्यावरच्या तर्रीचा, म्हणजे पोह्यांवरच्या तिखट रश्शाचा, वास आला, की मला नाकाला रुमाल लावून झाडाखाली उभे राहावे लागते. मेट्रोत पोट दिसत नसल्यामुळे कोणी जागा देत नाही आणि मागायला संकोच वाटतो. तीन आठवड्यांनी बाळाचे अवयव तपासणारी मोठी सोनोग्राफी आहे, तिच्या विचाराने रात्री झोप लागत नाही. म्हणून माझी विनंती अशी, की ज्यांचे दिवस भरत आले आहेत, ज्या बाळंत झाल्या आहेत, ज्यांचे मध्येच थांबले आणि जे या सगळ्यात बाहेरच्या बाकावर बसून होते, त्या सर्वांनी आपापले लिहावे. सल्ल्याची घाई नाही; घडले ते सांगावे.

मानेवाडा, मुलगी सात महिन्यांची

ताई, झोप न लागण्याबद्दल मी लिहू शकते, कारण मी बारा रात्री मोजून जागी होते.

पहिल्याच तपासणीत हिमोग्लोबिनबरोबर माझी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची सोल्युबिलिटी नावाची प्राथमिक चाचणी झाली. विदर्भात या आजाराचे प्रमाण मोठे असल्यामुळे ती सर्वांचीच करतात, असे सांगून परिचारिकेने नळी भरली आणि मी ती विसरूनही गेले. चाचणी पॉझिटिव्ह आली, मग खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस ही दुसरी रक्तचाचणी झाली आणि मी एएस, म्हणजे वाहक, असल्याचे निघाले. मला आयुष्यात कधी त्रास झालेला नव्हता, त्यामुळे मला ते कागदावरचे अक्षर वाटले. पण समुपदेशक बाईंनी माझ्याकडे न पाहता पहिला प्रश्न विचारला, "यजमान आलेत का?"

यजमान बुटीबोरीला पाळीत काम करतात. त्यांनी एक दिवसाची रजा टाकून रक्त दिले आणि तेही एएस निघाले. मग त्या बाईंनी कागदावर चार चौकोन काढले. एका चौकोनात निरोगी बाळ, दोन चौकोनांत आमच्यासारखे वाहक आणि एका चौकोनात एसएस, म्हणजे हाडे-सांधे दुखणारे, वारंवार रक्त चढवावे लागू शकणारे लेकरू. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "चारातून एक ना? आपल्याले दोनच पाह्यजेत, मंग कायची चिंता?" त्यांचा दोष नव्हता, चित्र पाहून मलाही क्षणभर तसेच वाटले होते. ते चौकोन चार मुलांचे नसून प्रत्येक वेळच्या गरोदरपणाचे आहेत, दर खेपेला चिठ्ठी नव्याने उचलावी लागते, हे आम्हा सर्वांच्या डोक्यात शिरायला दोन दिवस लागले.

मी दवाखान्यात उशिरा गेले होते, त्यामुळे अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा (गर्भाला पोसणाऱ्या प्लासेंटाचा) तुकडा घेऊन करतात ती तपासणी हुकली होती. सोळाव्या आठवड्यात सोनोग्राफीत पाहत पोटात सुई घालून गर्भजल काढले. सुई दुखली नाही म्हटले तरी चालेल. दुखले ते आधी सही करताना, कारण त्या कागदावर गर्भपाताचा थोडा धोका असतो हे स्पष्ट लिहिलेले होते. त्यानंतर बारा दिवस आम्ही दोघे एकमेकांशी फक्त भाजी, भाडे आणि गॅस सिलिंडर याविषयी बोललो. अहवाल वाईट आला तर काय करायचे, हे दोघांनी मनात ठरवले होते आणि दोघांनीही ते उच्चारले नाही. अहवाल एएस आला. मुलगी आमच्यासारखीच वाहक आहे. यजमानांनी तो कागद वाचला, घडी केली आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून ते रडले. त्यांना रडताना मी तेव्हाच प्रथम पाहिले.

माझ्या दिराचे यंदा लग्न ठरते आहे. पत्रिका पाहण्याआधी दोघांचे रक्ताचे कागद समोरासमोर ठेवायला सांगितले आहेत, आणि ते सासूबाईंनी सांगितले आहे.

जरीपटका, नववा महिना

माझा आठवा महिना मे महिन्यात आला. नागपूरचा मे मी नव्याने सांगायला नको. पारा पंचेचाळीसला टेकलेला, कूलरमधून दुपारी दमट वाफ आणि खोलीचे छत तव्यासारखे. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो आणि संडास-न्हाणीघर खाली अंगणात आहे. दर तासाला जिना उतरावा लागू नये म्हणून मी हळूहळू पाणी पिणेच कमी केले, आणि ही माझी युक्ती मी कोणाला सांगितली नाही.

बत्तिसाव्या आठवड्यात एका संध्याकाळी पोट दगडासारखे कडक होऊ लागले, सुटू लागले, पुन्हा कडक होऊ लागले. कळा सुरू झाल्या अशा समजुतीने आम्ही धावलो. तपासल्यावर शरीरातले पाणी कमी झाल्याचे आणि लघवीत जंतुसंसर्ग असल्याचे निघाले. सलाइन लावल्यावर तीन तासांत पोट शांत झाले, औषधे सुरू झाली आणि डॉक्टरीणबाईंनी मला चांगलेच सुनावले. त्या दिवसापासून माठ माझ्या उशाशी असतो, पन्हे आणि आंबील आलटून पालटून होते आणि रात्रीपुरते भांडे खोलीतच ठेवले आहे. लाज वाटते, पण जिन्यापेक्षा बरे.

धरमपेठ, आठवा महिना

माझी गंमत आहे आणि गंमत नाहीही. चोविसाव्या आठवड्यात मला पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला दिले. ते पोटात टिकवणे हीच अर्धी परीक्षा असते. दोन तासांनी रक्त घेतले, साखर 152 आली. 140 आणि त्याहून वर गेली की गर्भावस्थेतला मधुमेह धरतात. आमच्या घरात कोणाला मधुमेह नाही, मी जाड नाही, तरीही आली. वार जी संप्रेरके तयार करते, त्यांच्यामुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो, असे डॉक्टरांनी समजावले, तेव्हा "तूच गोड खाल्ले असशील" हे ऐकून ऐकून आलेला राग थोडा उतरला.

संत्र्याचा रस बंद झाला, आख्खे संत्रे एक, तेही जेवणापासून दूर, भात निम्मा, जेवणानंतर अंबाझरीच्या बाजूला वीस मिनिटे चालणे. आणि अशातच डोहाळजेवण आले! झोपाळा, फुलांचे दागिने, ताटभर पक्वान्ने, आणि शेवटी दोन झाकलेल्या वाट्या समोर आल्या. मी उघडली ती पेढ्याची निघाली, बायकांनी "मुलगा!" म्हणून टाळ्या वाजवल्या. ज्या सोनोग्राफी केंद्रात मी जाते, तिथे गर्भलिंग निदान केले जात नाही अशी ठळक पाटी आहे आणि 1994च्या कायद्याने ते सांगणे गुन्हा आहे. आमच्याकडे मात्र वाटी सर्रास सांगते. तो पेढा मला खाता येत नव्हता, बर्फी निघाली असती तर तीही खाता आली नसती. नणंदेने दोन्ही खाल्ले.

तासिका तत्त्वावर शिकवणारी, सहावा महिना

मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. प्रसूतीची सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यात 2017पासून आहे, हे मी विद्यार्थ्यांना शिकवलेलेही आहे. मी स्वतः विचारायला गेले, तेव्हा "मॅडम, तुमचे तास आम्ही दुसऱ्या कोणाला देऊ, तुम्ही निश्चिंत राहा" असे उत्तर मिळाले. ज्यांनी दिले त्यांना ते सौजन्य वाटले असावे. सत्र संपेपर्यंत उभी राहून शिकवते आहे, पाय सुजतात, फळ्याखालच्या पायरीवर बसून घेते. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये मिळतात, त्याचा अर्ज आशा स्वयंसेविका ताईंनी भरून घेतला. अनोळखी बाईंनी दोनदा दार वाजवून आठवण करून दिली, इतके तरी.

महाल, बाबा

बाबांनीही लिहावे असे म्हटले आहे म्हणून धीर करतो.

आमची भूमिका फाइल सांभाळण्याची. आत प्रवेश नाही. "पाणी पाजून आणा" इतका हुकूम बाहेर येतो आणि आपण बाटली घेऊन उभे. नऊ महिने मी असा उपयोगी पडेन, तसा उपयोगी पडेन असे ठरवत होतो. दवाखान्याचा रस्ता दोनदा दुचाकीवरून वेळ लावून पाहिला होता, चौदा मिनिटे. बाळाने दिवस निवडला तो तान्ह्या पोळ्याचा. मारबतीचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, पोळ्याच्या पाडव्याला काळी आणि पिवळी मारबत (इडा पिडा नेणारा बाईचा मोठा पुतळा) निघते, मागे बडगे (पुरुषांचे पुतळे) असतात, आणि जुन्या शहरात मुंगीला वाट मिळत नाही.

सकाळी साडेदहाला पाण्याची पिशवी फुटली. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा मिळाली, पण चौकात गर्दी. रिक्षावाल्या भाऊंनी खाली उतरून "बाई आहे बाळंतपणाची, सरका!" अशी आरोळी दिली आणि काय सांगू, ढोलताशे थांबले. वीस-पंचवीस पोरांनी हातात हात घालून वाट केली. मागून कोणीतरी ओरडले, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" बायको कळा देता देता हसली, आणि हसल्यावर मला शिवी दिली. चौदा मिनिटांचा रस्ता पन्नास मिनिटांचा झाला. संध्याकाळी सहाला मुलगी झाली, पावणेतीन किलो. माझी सगळी तयारी वाया गेली आणि कामाला आले ते एक अनोळखी रिक्षावाले, ज्यांचे पैसे द्यायचेही मी विसरलो. आजही त्या थांब्यावर शोधतो.

नंदनवन, अकरावा आठवडा, दुसऱ्यांदा

हे लिहावे की नाही असा विचार करत होते. मागच्या वर्षी नवव्या आठवड्यात सोनोग्राफी करणाऱ्या बाई एकदम गप्प झाल्या. ठोके नव्हते. मला कळ नव्हती, रक्तस्राव नव्हता, उलट्याही सुरूच होत्या. शरीराला अजून कळलेच नव्हते. लक्षात आलेल्या दर शंभर गर्भधारणांपैकी साधारण दहा ते वीस अशा संपतात आणि पहिल्या तिमाहीत पुष्कळदा कारण गुणसूत्रांतल्या दोषाचे असते, मी केलेल्या किंवा न केलेल्या कशाचे नसते, हे मला नंतर समजावले गेले. तरी आदल्या आठवड्यात मी पाण्याची बादली उचलली होती, ती बादली माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

तीन महिने होईपर्यंत कोणाला सांगायचे नाही, ही आपल्याकडची रीत. ती रीत पाळल्यामुळे झाले असे, की आनंद कोणाला सांगितला नव्हता म्हणून दुःखही सांगता आले नाही. कार्यालयात पोट बिघडल्याचे कारण देऊन चार दिवसांची रजा घेतली आणि पाचव्या दिवशी सहकाऱ्याने "काय, सावजी जास्त झाले का?" असे विचारले. मी हो म्हटले.

या वेळी मी आठव्या आठवड्यातच तिघींना सांगून टाकले आहे. ठोके ऐकले आहेत. आनंद होतो असे म्हणणार नाही. एकेक दिवस पुढे जातो.

हुडकेश्वर, मुलगा दोन महिन्यांचा

थोडक्यात लिहिते, बाळ उठेल. 7 सप्टेंबर 2025च्या रात्रीचे खग्रास चंद्रग्रहण माझ्या आठव्या महिन्यात आले. दुपारी वेध लागल्यापासून सुरी बंद, खाणे बंद, पडदे बंद. डॉक्टरांनी दर तीन तासांनी खायला सांगितले होते, कारण माझी आम्लपित्ताची जळजळ घशापर्यंत येत असे. रात्री अकराला, चंद्र पूर्ण झाकला जात असताना, मी स्वयंपाकघरात अंधारात उभी राहून दहीभात खाल्ला. दिवा लागला तर दारात सासूबाई. त्यांनी दिवा मालवला आणि अंधारातून म्हणाल्या, "लोणचं डाव्या हाताले आहे." मुलगा उत्तम आहे.

काँग्रेसनगर, आजी

माझी पहिली खेप 1978ची, बाळंतपण एप्रिल अखेरीस. त्या उन्हाळ्यात मला बाजेखाली शेगडी ठेवून शेक दिला, दारे-खिडक्या बंद, कानाला फडके, आणि पाणी फक्त उकळलेले, घोटभर. मला त्यात घेरी आली होती. असे असूनही सुनेच्या वेळी मीच शेक द्यायला शेगडी बाहेर काढली. सुनेने नम्रपणे नाही म्हटले, मला राग आला, मी दोन दिवस बोलले नाही. जरीपटक्याच्या मुलीचे वाचून ते आठवले. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू मात्र तिने आवडीने खाल्ले, हेही लिहून ठेवते.

पुन्हा मीच, विसावा आठवडा

सर्वांचे वाचले, काही दोनदा. मानेवाड्याच्या ताईंचे वाचून जुनी फाइल काढून पाहिली. माझी सोल्युबिलिटी निगेटिव्ह असल्याचे त्यात पहिल्याच पानावर होते आणि मी ते कधी वाचलेच नव्हते.

काल सोनोग्राफी झाली. बाईंनी हृदयाचे चार कप्पे दाखवले, मणक्याची माळ दाखवली, दोन मूत्रपिंडे मोजली. मग बाळाने पाठ फिरवली, म्हणून मला अर्धा तास बाहेर फिरून यायला सांगितले आणि मी व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या, हे आमच्या अहवालात आलेले नाही. ओठ आणि टाळू त्यानंतर दिसले. सगळे ठीक आहे.

परत येताना मेट्रोत फाइल पोटाशी धरून उभी होते. एका महाविद्यालयीन मुलीने फाइलकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि उठली. मी बसले. बर्डीला उतरल्यावर नवऱ्याने नेहमीप्रमाणे त्या ठेल्यापासून लांबचा रस्ता धरला, तेव्हा मीच त्याला थांबवले आणि तीन महिन्यांत प्रथमच पोहे मागितले. तर्री मात्र वेगळ्या वाटीत.