किराणा कुठे भरायचा : कंपनीने कोणत्या पक्षाला देणगी दिली हे कसं तपासायचं?

ढोकाळी_नाका : महिन्याचा किराणा घोडबंदर रोडच्या मोठ्या साखळी दुकानातून येतो, औषधं जवळच्या मेडिकलमधून. आपला पैसा पुढे कुठल्या पक्षाकडे जातो ते बघून दुकान निवडायचं घरात ठरलंय. मार्च २०२४ मधली निवडणूक रोख्यांची यादी चाळली, दुकानाचं नाव सापडलं नाही. आता रोखेही बंद. मग बघायचं कुठे? कृपया पद्धत सांगा, पक्षांवर वाद नको.

वाशी_सेक्टर९ : पाटीवरचं नाव शोधून उपयोग नाही, यादीत कंपनीचं कायदेशीर नाव असतं. डीमार्ट म्हणजे ॲव्हेन्यू सुपरमार्ट्स. स्टार बझार चालवते ट्रेंट हायपरमार्केट, तिच्यामागे टाटांची ट्रेंट.

बिलावरचा १५ अक्षरी जीएसटी क्रमांक घ्या आणि जीएसटी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये टाका, लॉगिन लागत नाही. ‘लीगल नेम’ येईल ते खरं नाव. क्रमांकातले पहिले दोन आकडे राज्याचे (आपले २७), पुढची दहा अक्षरं पॅन. त्यामुळे जीएसटी क्रमांकातलं सहावं अक्षर महत्त्वाचं: सी असेल तर कंपनी, एफ भागीदारी, पी एकटा मालक. मेडिकलवर बड्या ब्रँडची पाटी आणि बिलावर पी, असं असेल तर ती फ्रँचायझी. तिथे मूळ कंपनी आणि दुकानदार दोघांकडे वेगळं बघावं लागतं.

ताळेबंद : नाव मिळालं की कंपनीचा वार्षिक अहवाल काढा. कंपनी कायदा २०१३, कलम १८२: किमान तीन वर्षं जुनी कंपनीच देणगी देऊ शकते, तीही संचालक मंडळाच्या ठरावाने, आणि नफा-तोटा पत्रकात रक्कम व पक्षाचं नाव द्यावं लागतं. २०१७ मध्ये पक्षाचं नाव सांगायची अट आणि तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ७.५ टक्के ही मर्यादा, दोन्ही काढली होती. १५ फेब्रुवारी २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते बदल रद्द झाले. म्हणून २०२४ नंतरचे अहवाल जास्त कामाचे.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा अहवाल बीएसई किंवा एनएसईच्या साइटवर फुकट मिळतो. पीडीएफमध्ये ‘पोलिटिकल’ हा इंग्रजी शब्द शोधा. बहुतेक वेळा ‘इतर खर्च’ या टिपेत सापडतो. स्कॅन केलेल्या फाइलमध्ये शोध चालत नाही, तिथे ती टीप स्वतः वाचा. नोंद नसलेल्या कंपनीचा (सीआयएन म्हणजे कंपनीच्या नोंदणी क्रमांकाचं पहिलं अक्षर यू) ताळेबंद एमसीए म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरून बघता येतो.

लोक चुकतात ते इथे: फक्त दुकानाची कंपनी बघतात. देणगी समूहातल्या भलत्याच कंपनीने दिलेली असते. अहवालातलं एओसी-१ हे उपकंपन्यांचं परिशिष्ट उघडा, आणि वरची मूळ कंपनीही तपासा.

ढोकाळी_नाका : एका अहवालात नुसतं ‘इलेक्टोरल ट्रस्ट’ लिहिलंय, पक्ष नाही. मग?

ऐरोली_वाचक : इलेक्टोरल ट्रस्ट म्हणजे देणग्या गोळा करून पक्षांना वाटणारी संस्था. तिला वर्षभरात जमलेल्या पैशातले किमान ९५ टक्के त्याच वर्षी पक्षांना द्यावे लागतात. कोणाकडून आले आणि कोणाला दिले याचा अहवाल निवडणूक आयोगाकडे जातो. पण दहा कंपन्या आणि चार पक्ष असतील तर कोणाचा रुपया कुठे गेला ते त्यावरून जुळत नाही. एकाच समूहाचा ट्रस्ट असेल तर चित्र बरंच स्पष्ट होतं.

दुसऱ्या बाजूनेही तपासा. २०,००० रुपयांवरच्या देणग्यांची यादी पक्ष आयोगाला देतात, ती आयोगाच्या साइटवर असते. मार्चअखेरचे आकडे हाती यायला काही महिने जातात, शिवाय निवडणुकीच्या वर्षी देणग्या फुगतात. म्हणून सलग तीन वर्षं बघावीत. एकच कंपनी सत्ताधारी आणि विरोधक दोघांना देते हेही दिसेल, तेव्हा रकमांचं प्रमाण पाहून ठरवा.

रोख्यांची यादी टाकून देऊ नका. तीत १२ एप्रिल २०१९ पासूनची खरेदी आहे. २१ मार्च २०२४ ला रोख्यांचे क्रमांक जाहीर झाले, त्यावरून खरेदीदार आणि पक्ष यांची जोडी लागते.

वाशी_सेक्टर९ : एक राहिलंच. किराण्यात दुकानाचा वाटा थोडा, पाकिटावर जी कंपनी आहे तिचा मोठा. तेल, साबण, पीठ घेताना ‘मार्केटेड बाय’ पुढचं नाव वाचा आणि तेच तपासा. दुकान बदलून ब्रँड तोच ठेवलात तर फारसा फरक पडत नाही. डाळ-तांदूळ ठाण्याच्या जांभळी नाका बाजारात सुटे मिळतात, त्यात पाकिटाची कंपनीच मध्ये येत नाही.