अलीकडे पाहिलेले चित्रपट : तुमचे मत, तुमचे गुण आणि ते गुण तुम्ही कसे ठरवता?

अर्धविराम

गेल्या महिन्याभरात मी चार चित्रपट पाहिले आणि नेहमीप्रमाणे प्रत्येकाला त्याच रात्री दहापैकी गुण देऊन वहीत नोंद केली. ती नोंद काल पुन्हा वाचताना मात्र माझ्याच आकड्यांवरचा विश्वास डळमळला, म्हणून हा प्रश्न मांडतो आहे. आधी माझी मते सांगतो.

'ट्वेल्व अँग्री मेन' (१९५७) या चित्रपटाला मी ९.५ गुण दिले. खुनाचा आरोप असलेल्या एका मुलाचे भवितव्य बारा ज्युरी सदस्य एका खोलीत बसून ठरवतात, आणि ९६ मिनिटांपैकी जेमतेम तीन मिनिटे आपण त्या खोलीबाहेर असतो. दिग्दर्शक सिडनी ल्युमेट यांनी सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर ठेवला, मधल्या भागात तो त्या पातळीला आणला आणि शेवटच्या भागात त्याहून खाली नेला. शिवाय भिंगांचे नाभीय अंतर (फोकल लेंथ) वाढवत नेल्यामुळे भिंती जवळ सरकत आल्याचा भास होतो. हे तंत्र मी नंतर वाचले, पण गुदमरायला होत होते ते चित्रपट पाहतानाच.

'कोर्ट' (२०१४) ला ८.५ आणि 'ॲनाटॉमी ऑफ अ फॉल' (२०२३) ला ८ गुण दिले. दोन्हींत न्यायालय आहे, पण दुसऱ्यात वाद मनाची पकड घेतो, तर पहिल्यात न्यायालयाचा कंटाळवाणा संथपणाच हळूहळू भीतिदायक होत जातो. 'ॲनाटॉमी ऑफ अ फॉल' या फ्रेंच चित्रपटातली आरोपी लेखिका जर्मन आहे, घरी ती इंग्रजी बोलते आणि स्वतःचा बचाव मात्र तिला फ्रेंचमध्ये सुरू करावा लागतो. परक्या भाषेत शब्द शोधणारा माणूस खोटे बोलत असल्यासारखा का दिसतो, हा विचार त्या चित्रपटाने मला दिला.

आता अडचण. 'परफेक्ट डेज' (२०२३) पाहिला त्या रात्री मी ७ गुण लिहिले आणि शेजारी 'फारसे काही घडत नाही' असा शेरा मारला. टोकियोतील सार्वजनिक स्वच्छतागृहे साफ करणारा, कॅसेटवर गाणी ऐकणारा आणि झाडाच्या पानांतून झिरपणाऱ्या उन्हाची छायाचित्रे काढणारा हिरायामा हा मितभाषी माणूस त्यात आहे. आज सोळा दिवस झाले. साडेनऊ गुण मिळवलेल्या चित्रपटातले दोन-तीन प्रसंग मला आता आठवावे लागतात. हिरायामा मात्र न बोलावता रोज येतो. सकाळी दार उघडून आकाशाकडे पाहणारा त्याचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही.

मग ते ७ खोडून ९ लिहावेत का? की पहिल्या रात्रीचा आकडाच प्रामाणिक मानावा? तुम्ही अलीकडे काय पाहिले, त्याला किती गुण दिलेत आणि ते केव्हा व कोणत्या कसोटीवर दिलेत, हे कृपया सविस्तर लिहावे. नुसत्या आकड्यापेक्षा कारण वाचायला मला अधिक आवडेल.

दुसरी घंटा

तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे एका चित्रपटाच्या अनुभवाच्या रूपाने आहे, म्हणून आधी तो सांगते.

जोनाथन ग्लेझर यांचा 'द झोन ऑफ इंटरेस्ट' (२०२३) मी पहिल्यांदा प्रवासात मोबाइलवर पाहिला. आजूबाजूला गोंगाट होता आणि मी सबटायटल्स वाचत पुढे जात होते. आउशवित्झच्या छळछावणीचा प्रमुख रुडॉल्फ हॉस, त्याची पत्नी, त्यांची मुले, त्यांची बाग, पोहण्याचा हौद आणि बागेला लागून असलेली छावणीची भिंत, एवढेच मला दिसले. मी ६ गुण दिले आणि एवढ्या पुरस्कारांचे कारण काय, असा प्रश्न पडून तो चित्रपट विसरून गेले.

काही आठवड्यांनी तोच चित्रपट रात्री अंधाऱ्या खोलीत चांगले हेडफोन लावून पाहिला, तेव्हा लक्षात आले की पहिल्या वेळी मी अर्धाच चित्रपट पाहिला होता. छावणीतील अत्याचार पडद्यावर कधीच दिसत नाहीत. ते ऐकू येतात. बागेत मुले खेळत असताना भिंतीपलीकडून गोळीबार, कुत्र्यांचे भुंकणे, ओरडा आणि भट्ट्यांची अखंड घरघर येत राहते, आणि घरातल्या कुणाचीही मान तिकडे वळत नाही. सर्वांत भयंकर गोष्ट अशी की तासाभराने ती घरघर मलाही ऐकू येईनाशी झाली होती. ते माझे मलाच जाणवले तेव्हा मी चित्रपट थांबवून काही वेळ नुसती बसून राहिले. या चित्रपटाला ध्वनीसाठी ऑस्कर मिळाला, तो का, हे मला त्या रात्री उमगले. माझे आजचे गुण ९.५ आहेत.

आता सांगा, ते ६ कोणाचे होते? चित्रपटाचे तर नव्हतेच. ते प्रवासाचे, गोंगाटाचे आणि मोबाइलच्या क्षीण आवाजाचे होते. तेव्हापासून मी गुणांच्या शेजारी तारीख, कोणत्या पडद्यावर पाहिला आणि आवाज कसा होता, या तीन गोष्टी लिहिल्याशिवाय राहत नाही. तुमच्या 'परफेक्ट डेज'च्या नोंदीत तारीख आहे, असे दिसते. पण त्या दिवशी तुम्ही किती थकलेले होतात, ती नोंद आहे का? संथ चित्रपट थकव्यात पाहिला की त्याचे दोन गुण हमखास कमी होतात, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट सार्वजनिक आकड्यांची. अनेकजण 'त्याला ९४ टक्के आहेत' असे सांगतात आणि ऐकणारा ते शंभरपैकी ९४ गुण समजतो. 'रॉटन टोमॅटोज' या समीक्षा गोळा करणाऱ्या संकेतस्थळावरची टक्केवारी म्हणजे किती समीक्षकांचे मत अनुकूल होते, त्याचे प्रमाण होय. सर्व समीक्षकांनी 'बरा आहे, एकदा पाहावा' म्हणत दहापैकी सहा दिले, तरी तो चित्रपट १०० टक्क्यांवर जाऊ शकतो. आणि ज्याने निम्म्या लोकांना हलवून सोडले व निम्म्यांना चिडवले, तो ५० टक्क्यांवर राहून नापसंतांच्या रांगेत बसतो, कारण तिथली सीमारेषा ६० टक्क्यांची आहे. 'मेटाक्रिटिक' हे दुसरे संकेतस्थळ समीक्षकांच्या मतांना गुण लावून त्यांची भारित सरासरी (काही मतांना अधिक वजन देऊन) काढते, तर 'आयएमडीबी' हे तिसरे संकेतस्थळ प्रेक्षकांच्या एक ते दहा गुणांची. म्हणजे तिन्ही आकडे तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत, आणि आपण त्यांची एकमेकांशी तुलना करत बसतो. मला स्वतःला दुभंगलेली मते असलेला चित्रपट सर्वांना 'बरा' वाटलेल्या चित्रपटापेक्षा अधिक खुणावतो.

खिडकीजवळचा

मी गुण देत नाही. गेल्या आठवड्यात 'किल्ला' पुन्हा पाहिला. वडील गेल्यानंतर आईच्या बदलीमुळे नव्या गावी आलेला अकरा वर्षांचा चिन्मय, आणि पावसात किल्ल्यावर त्याला एकट्याला सोडून निघून गेलेले मित्र. त्या प्रसंगाला दहापैकी किती द्यायचे? लहानपणी एकदा तरी असे मागे राहिलेल्या माणसाला त्याचे उत्तर देता येणार नाही, आणि जो कधी मागे राहिला नाही त्याने दिलेल्या उत्तराचा मला उपयोग नाही. मी वहीत फक्त एवढेच लिहितो की हा चित्रपट मी पुन्हा पाहीन की नाही, आणि कोणाला दाखवीन.

संकलक

वरील मताचा आदर ठेवूनही मी असहमती नोंदवतो. वेळ मोजका असतो आणि पाहण्यासारखे चित्रपट अगणित; अशा वेळी ज्याची आवड आपल्याला ठाऊक आहे अशा माणसाने दिलेला आकडा फार उपयोगी पडतो. 'पुन्हा पाहीन' हासुद्धा एक गुणच आहे, फक्त तो दहाऐवजी दोनच पायऱ्यांचा आहे.

गोंधळ होतो तो वेगळ्या जातीच्या चित्रपटांना एकाच मोजपट्टीवर उभे केल्यामुळे. मी या महिन्यात 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड' (२०१५) आणि 'टोकियो स्टोरी' (१९५३) पाहिले आणि दोन्हींना ९ दिले. घरातल्यांनी विचारले की हे दोन चित्रपट सारखे कसे असू शकतात? ते सारखे नाहीतच. पहिला जवळजवळ अखंड पाठलाग आहे. त्यातले तुकडे अतिशय लहान असूनही पाहणारा भांबावत नाही, कारण महत्त्वाची गोष्ट बहुतेक वेळा चौकटीच्या मध्यभागी ठेवलेली आहे आणि दृश्य बदलले तरी डोळ्यांना ती शोधत हिंडावे लागत नाही. मार्गारेट सिक्सेल यांनी सुमारे ४८० तासांच्या चित्रीकरणातून दोन तासांचा हा चित्रपट घडवला आणि त्यांना संकलनाचा ऑस्कर मिळाला. माझा व्यवसाय संकलनाचा नाही, केवळ टोपणनाव तसे आहे. पण हा चित्रपट पाहिल्यावर त्या कामाविषयीचा माझा आदर दुणावला.

जपानी दिग्दर्शक ओझू यांच्या 'टोकियो स्टोरी'त कॅमेरा जमिनीलगत बसवलेला असतो आणि क्वचितच हलतो. मुलांना भेटायला आलेले वृद्ध आईवडील आपण अडचण होत आहोत हे ओळखतात आणि एका शब्दानेही तक्रार करत नाहीत. त्यांची खरी विचारपूस करते ती युद्धात गेलेल्या मुलाची विधवा पत्नी, नोरिको. एक चित्रपट श्वास घेऊ देत नाही आणि दुसरा श्वासाच्या गतीने चालतो. प्रत्येकाने जे करायचे ठरवले ते किती पूर्णपणे केले, याचे ते ९ गुण आहेत. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनीही चित्रपटांना दिलेले आपले तारे सापेक्ष असतात, निरपेक्ष नसतात, असे स्पष्ट केले होते, म्हणजे एखाद्या चित्रपटाची तुलना त्याच्याच जातीच्या चित्रपटांशी करायची.

अर्धविराम, आता तुमचा मूळ प्रश्न. ७ खोडू नका. त्याच्या शेजारी ९ लिहा आणि दोन्हींना तारखा घाला. मते बदलतात, हे तज्ज्ञांच्याही बाबतीत खरे आहे. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश चित्रपट-नियतकालिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी सर्वकालीन श्रेष्ठ चित्रपट कोणते, याचा समीक्षकांचा कौल घेते. पहिल्या वर्षी 'बायसिकल थीव्ज' अग्रस्थानी होता, १९६२ पासून २००२ पर्यंतच्या प्रत्येक कौलात 'सिटिझन केन', २०१२ मध्ये 'व्हर्टिगो' आणि २०२२ मध्ये शांताल आकेरमान यांचा १९७५ चा 'जान दिएलमन'. यांपैकी 'व्हर्टिगो'चे १९५८ मध्ये संमिश्र स्वागत झाले होते. त्या वेळी ज्यांनी कमी लेखले ते सारेच अजाण होते, असे मला वाटत नाही. त्यांनी त्या रात्री जे पाहिले ते प्रामाणिकपणे लिहिले. जुने कौल जपून ठेवले म्हणूनच हा प्रवास आज आपल्याला वाचता येतो.

दुसरी घंटा

संकलक, तुमच्याशी बहुतांशी सहमत आहे, पण एक शंका राहते. 'जे करायचे ठरवले ते किती पूर्णपणे केले' ही कसोटी लावली, तर क्षुल्लक गोष्ट अचूक करणाऱ्या चित्रपटाला ९ मिळतील आणि मोठी गोष्ट करू पाहताना अडखळलेल्याला ७. माझे मन दुसऱ्याकडे झुकते. म्हणून मी धाडसाचा एक गुण राखून ठेवते. 'कोर्ट'ला मी तो गुण दिला आहे, आणि कारण सांगताना शेवट उघड करते आहे. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी पुढील वाक्ये सोडावीत. न्यायालयाची खोली रिकामी होते, दिवे मालवतात, पडदा काळा होतो, चित्रपट संपला असे वाटते आणि तो संपत नाही. मग न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात. ज्या माणसाच्या सहीवर कुणाचे तरी आयुष्य टांगलेले आहे, तो बाकावर डुलकी घेतो आहे. कुठलेही भाष्य नाही, संगीत नाही, कॅमेरा दूर उभा आहे. इतक्या सहज जागी संपवता आला असता असा चित्रपट पुढे नेण्याचे हे धाडस मला फार मोलाचे वाटते. माझ्याकडून ९.

अर्धविराम

सर्वांचे मनापासून आभार. दुसरी घंटा, तुमचा थकव्याविषयीचा प्रश्न अगदी वर्मावर बसला. वही उघडून पाहिली, तर 'परफेक्ट डेज'च्या नोंदीची वेळ रात्री दीडची आहे आणि त्या दिवशी कामाचा ताण किती होता, हे मला आठवते आहे. 'ट्वेल्व अँग्री मेन' सुटीच्या दिवशी सकाळी पाहिला होता.

म्हणून काल 'परफेक्ट डेज' दुसऱ्यांदा पाहिला, ताज्या मनाने. या वेळी लक्षात आले की 'काही घडत नाही' हा माझा शेरा वस्तुस्थितीलाच धरून नव्हता. अनेक वर्षांनी भेटलेली बहीण गाडीतून निघून गेल्यावर हिरायामा रडतो, आणि आपल्याला त्याचा भूतकाळ कोणी सांगत नाही, तरी तो कळतो. शेवटी गाडी चालवताना त्याच्या चेहऱ्यावर हसू आणि रडू एकमेकांत मिसळत जाते, तो दीर्घ प्रसंग मी पहिल्या रात्री पेंगत पाहिला असणार. कोजी याकुशो यांना कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, त्यासाठी तो एक प्रसंगसुद्धा पुरेसा ठरला असता.

वहीत आता असे लिहिले आहे : पहिली रात्र, अतिशय थकलेलो, ७. सोळाव्या दिवशी, न पाहता केवळ आठवणीवर, ९. दुसऱ्यांदा पाहून, ९. खिडकीजवळचा यांच्या पद्धतीनुसार शेवटी एक ओळ जोडली आहे : पुन्हा पाहीन, आणि वडिलांना दाखवीन.

'द झोन ऑफ इंटरेस्ट' मी अजून पाहिलेला नाही. रविवारी हेडफोन लावून पाहतो आणि इथे लिहितो.