मदत हवी आहे : नववीची पोरं एकमेकांच्या वह्या तपासताना नुसत्या वेलांट्याच शोधतात

नमस्कार मंडळी, मी परभणी जिल्ह्यात खेड्यातल्या एका शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवते. वर्गात पोरं भरपूर, प्रत्येकाच्या निबंधावर बसून बोलणं काही होत नाही, म्हणून यंदा वह्या अदलाबदल करून एकमेकांचं तपासायला लावलं. पोरांना आवडतंय, पण तपासणं म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ एवढंच डोक्यात बसलंय, लाल पेन हातात आला की नुसते गोल, अन् ज्याचं कच्चं आहे ते पोरगं पुढच्या वेळी चार ओळींवरच थांबतं.

परवाचंच सांगते. दुष्काळावर लिहायला दिलं होतं. एका मुलीनं लिहिलं, ‘टँकर आला की समदे पळायलेत, जो तो मपलीच घागर पुढं सारायलाय.’ मला तर अख्ख्या वर्गात हेच वाक्य आवडलं. तिच्या जोडीदारणीनं समदे, पळायलेत, मपली सगळ्याला गोल केले अन् खाली लिहिलं ‘भाषा अशुद्ध’. त्याच पानावर ‘जमिनीत’ऐवजी ‘जमीनीत’ तसंच राहिलं, अर्ध्या पानात एक पूर्णविराम नाही, ते कुणालाच दिसलं नाही.

दहावीला ८० पैकी २४ मार्क उपयोजित लेखनाला, म्हणजे पत्र वगैरेला आहेत, तिथं पत्रात ‘मपली’ चालणार नाही हे खरंय, पण घरची बोलीच चूक असं मनात बसलं तर ही पोरं लिहायचीच बंद होतील अन् ते मला अजिबात नकोय. तुम्ही तपासताना नेमकं काय बघायला सांगता? व्याकरणाचा सराव वेगळा घेता का? नियम धडाधड म्हणून दाखवतात, लिहिताना परत तेच.

प्रतिसाद :
ताई, मी लातूरकडं शिकवतो. आधी लाल पेन बंद करा, पेन्सिल द्या. पहिल्या फेरीत खूण करायचीच नाही, जोडीदारानं मोठ्यानं वाचायचं, लिहिणाऱ्यानं ऐकायचं. पूर्णविराम नसला की वाचणाऱ्याला दम लागतो, मग लिहिणाराच म्हणतो, थांब, इथं संपलंय. दुसऱ्या फेरीत एकच गोष्ट, या आठवड्यात सामान्यरूप (प्रत्यय लागताना शब्दाचं जे रूप होतं ते) तर सामान्यरूपच, बाकी चुका दिसल्या तरी सोडून द्यायच्या. जमीन-जमिनीत, वकील-वकिलाला, फूल-फुलाला, असे शब्द त्यांच्याच वह्यांतून फळ्यावर घ्या, कुणाचं ते न सांगता. नियम पोरंच काढतात. मग विचारा, शरीर-शरीरात इथं का बदललं नाही, तिथून तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांवर जाता येतं.

त्या मुलीचं वाक्य मात्र हलवू नका, निबंधात ते तसंच शोभतं. तिला सांगा, आता हेच सरपंचाला अर्जात लिही. दोन्ही शेजारी ठेवून वर्गाला विचारा, काय बदललं अन् का.

मूळ प्रश्नकर्ती :
सर, लई आभार, अर्जाचं सोमवारीच घेते. जोड्या कशा लावता? हुशार-कच्चा अशी लावली की कच्चं पोरगं नुसतं मान हलवतं.

प्रतिसाद :
जोड्या नकोच, तिघांचा गट करा. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, तिसऱ्यानं पेन्सिल धरायची, अन् कामं दर वेळी फिरवायची. पेन्सिल पहिल्यांदा कच्च्या पोराकडं द्या.