मदत हवी आहे: एस्टीम १.३ साठी कॅमशाफ्ट कुठला निवडावा? (फोंडा, रोजच्या वापराची गाडी)

फोंडाकार:
मंडळी, गाडी २००६ ची मारुती एस्टीम, १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, एमपीएफआय. इंजिन नुकतंच उघडून रिंगा, बेअरिंगं आणि व्हॉल्व्ह सील बदलले आहेत. चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन सारखं येतं. टर्बो नको, इंजिन बदलायचं नाही. रोज फोंडा ते पणजी, आठवड्यातून एकदा मडगावला बोरीमार्गे, महिन्या-दोन महिन्यांतून अनमोड घाट. एसी कायम चालू. दोन कॅमशाफ्ट (थोडक्यात कॅम, व्हॉल्व्ह उघडणारा-बंद करणारा दांडा) सुचवले गेले आहेत:

अ) ड्युरेशन (व्हॉल्व्ह क्रँकचे किती अंश उघडा राहतो) २५२/२५२, व्हॉल्व्ह लिफ्ट (तो किती उघडतो) ८.८ मिमी, लोब सेपरेशन (कॅमवरच्या इनटेक आणि एक्झॉस्ट उंचवट्यांमधले अंश) ११०, इनटेक सेंटर (इनटेक सर्वांत जास्त उघडतो तो क्रँकचा अंश) १०८.
ब) ड्युरेशन २८४/२८४, लिफ्ट ९.८ मिमी, लोब सेपरेशन १०६, इनटेक सेंटर १०६.

दुकानदार म्हणतो ‘ब’ घ्या, आवाजच वेगळा येतो. कॅमबरोबर आणखी काय बदलावं लागेल? आयडलिंग, एसी आणि पीयूसीचं काय होईल? ईसीयू (इंजिनाचा संगणक) मॅप सेन्सरवर, म्हणजे इनटेकमधला दाब मोजून, चालणारा आहे.

टायमिंगबेल्ट:
‘ब’ घेऊ नका. का ते आकड्यांत सांगतो.

आधी ओव्हरलॅप, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असतात तेवढे अंश. दोन्ही ड्युरेशनची सरासरी काढायची आणि तिच्यातून लोब सेपरेशनची दुप्पट वजा करायची. ‘अ’ ला २५२ − २२० = ३२ अंश, ‘ब’ ला २८४ − २१२ = ७२ अंश. ७२ अंश ओव्हरलॅप असला की आयडलला जळलेला वायू परत इनटेकमध्ये शिरतो, व्हॅक्यूम पडतं आणि गाडी गदगदत उभी राहते. दुकानदार ज्या आवाजाचं कौतुक करतो तो हाच.

पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह बंद कधी होतो. इनटेक सेंटरमध्ये अर्धं ड्युरेशन मिळवून १८० वजा करा. ‘अ’ बॉटम डेड सेंटरनंतर (पिस्टन सर्वांत खाली असतो ती जागा) ५४ अंशांवर बंद होतो, ‘ब’ ६८ वर. या इंजिनाचा स्ट्रोक ७५.५ मिमी आहे. ‘अ’ बंद होताना दाबायला साधारण ८५ टक्के स्ट्रोक उरतो, ‘ब’ मध्ये ७६ टक्के. स्थिर कॉम्प्रेशन ९.५ धरलं तर प्रत्यक्षात ‘अ’ मध्ये ८.२ आणि ‘ब’ मध्ये ७.४ उरतं. म्हणजे ‘ब’ लावला तर ३००० आरपीएमच्या खाली गाडी आत्तापेक्षा मंद होणार. बोरीच्या चढावर ट्रकमागून तिसऱ्या गिअरमध्ये उचलायची असते तेव्हा तुम्ही २२०० ते ३५०० मध्येच असता.

‘ब’ चालवायचाच तर कॉम्प्रेशन वाढवा, स्प्रिंगा बदला, ईसीयू बदला, गिअरिंगही आखूड करा. तुमच्या वापराला एवढं सगळं कशाला?

कॅटलॉगमधला २५२ हा आकडा किती लिफ्टवर मोजलाय ते मात्र आधी विचारून घ्या. कोणी ०.१ मिमीवर मोजतो, कोणी ०.५ वर. मूळ कॅम आणि नवा कॅम दोन्हींचं १ मिमी लिफ्टवरचं ड्युरेशन मागा आणि तेवढीच तुलना करा. लिफ्टचंही तसंच. लोबची (कॅमवरच्या उंचवट्याची) उंची गुणिले रॉकर रेशो (कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणारी दांडी, म्हणजे रॉकर, ती किती पट करते), त्यातून टॅपेट लॅश (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) वजा. ६ मिमी लोब, १.५ रेशो, ०.२ लॅश असेल तर ८.८ येतात.

फोंडाकार:
धन्यवाद, ‘ब’ बाद. ‘अ’ मूळ कॅम घासून बनवलेला आहे. त्यात काही धोका? आणि बसवताना कुठे चुकतं?

डायलगेज:
घासलेल्या कॅमचा बेस सर्कल (उंचवटा सोडून उरलेला गोल भाग) लहान होतो. मग रॉकरचा अॅडजस्टर स्क्रू जास्त बाहेर काढावा लागतो आणि रॉकरचा पॅड लोबवर मधोमध न चालता कडेला सरकतो. तपासायला पॅडवर काळं मार्कर फासा, इंजिन हाताने दोन फेरे फिरवा, रॉकर उचलून बघा. घासल्याचा चकचकीत पट्टा पॅडच्या मधल्या भागात हवा. कडेला टेकलेला दिसला तर तो कॅम परत करा, पुढे लोब आणि पॅड दोन्ही खाल्ले जातील. घासल्यानंतर कॅम पुन्हा हार्डन केला आहे का तेही विचारा.

आता व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर. लिफ्ट थोडीच वाढली म्हणून हे मोजणं सोडू नका. हेड काढलेलं असेल तर पिस्टनच्या खाचांवर मुलांच्या खेळण्यातल्या मातीची चपटी पोळी ठेवा, वर तेलाचा हलका हात फिरवा म्हणजे व्हॉल्व्हला चिकटणार नाही. जुना गॅस्केट घालून हेड टॉर्कला बसवा, बेल्ट लावा, लॅश सेट करा आणि क्रँक पाना लावून सावकाश दोन फेरे फिरवा. मध्येच अडल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका. हेड काढून माती ब्लेडने आडवी कापा आणि सर्वांत पातळ जागी व्हर्नियरने मोजा. इनटेकला किमान २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी हवं. इनटेक सर्वांत जवळ येतो तो टॉप डेड सेंटरनंतर (पिस्टन सर्वांत वर असतो ती जागा) दहा-एक अंशांवर, एक्झॉस्ट तितकाच आधी.

स्प्रिंग पूर्ण लिफ्टला दाबली की सगळ्या वेटोळ्यांमधली फट मिळून किमान १ मिमी उरली पाहिजे. रिटेनर (स्प्रिंगच्या वरची टोपी) आणि व्हॉल्व्ह सीलमध्ये १.५ मिमी.

सर्वांत जास्त चूक होते ती पुलीवरची खूण जुळवून मोकळं होण्यात. क्रँकला डिग्री चकती लावा. टॉप डेड सेंटर स्पार्क प्लगच्या भोकातून स्टॉपर घालूनच काढा: दोन्ही बाजूंनी अडेपर्यंत फिरवायचं आणि दोन्ही आकड्यांचा मध्य घ्यायचा. मग इनटेक व्हॉल्व्हच्या रिटेनरवर डायल गेज ठेवा. कमाल लिफ्टच्या १.२५ मिमी आधी आणि १.२५ मिमी नंतर चकतीवर काय दिसतं ते लिहा. ८३ आणि १३३ आलं तर सेंटर १०८, कॅमसोबत आलेल्या कार्डाप्रमाणे.

बेल्ट एक दात चुकला तर काय होतं? कॅम पुलीला ४० दाते धरले तर एका दाताला कॅमचे ९ आणि क्रँकचे १८ अंश. म्हणून तीन-चार अंशांची दुरुस्ती दात सरकवून होत नाही, त्यासाठी अॅडजस्टेबल पुली लागते. हेड घासून घेतलं असेल तर कॅम थोडा रिटार्ड होतो (मागे पडतो), तेव्हा ती हवीच. आणि तुमच्या इंजिनाला एकच कॅम आहे. पुली फिरवली की इनटेक-एक्झॉस्ट दोन्ही सोबत सरकतात, ओव्हरलॅप तेवढाच राहतो. ४ अंश अॅडव्हान्स (पुढे) केलं तर ‘अ’ ५४ ऐवजी ५० वर बंद होईल, खालचा जोर वाढेल, वरचा थोडा जाईल.

बसवताना लोब आणि पॅडवर असेंब्ली लूब भरपूर. पहिल्यांदा सुरू झालं की लगेच २००० ते २५०० वर न्या आणि वीस मिनिटं थोडं खाली-वर करत तिथेच ठेवा. आयडलला लोबवर तेल कमी उडतं, नवा कॅम तिथेच खराब होतो. म्हणून इग्निशन, पेट्रोल, पाणी सगळं आधीच तपासून ठेवा.

लॅम्ब्डा:
ट्यूनिंगबद्दल. ३२ अंश ओव्हरलॅपला मॅप सेन्सरचा सिग्नल वापरण्याजोगा राहतो, हा ‘अ’ चा आणखी एक फायदा. आयडल ८०० वरून ९०० ते ९५० वर घ्या, एसी लागल्यावर अजून थोडा वर. आयडलला इग्निशन दोन-चार अंश पुढे द्या, कारण आत राहिलेल्या जळक्या वायूमुळे मिश्रण हळू जळतं.

वाइडबँड (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिश्रण मोजणारा सेन्सर) लावा आणि एअर-फ्युएल रेशोऐवजी लॅम्ब्डा बघा. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने हवेचे १४.७ भाग लागतात, ई२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) साधारण १३.५. गेजवर १४.७ बघून समाधान मानाल आणि पंपावर काय मिळालं त्याप्रमाणे हिशोब चुकेल. लॅम्ब्डा १ म्हणजे पूर्ण जळायला लागते नेमकी तेवढीच हवा, कुठल्याही पेट्रोलला १. पूर्ण थ्रॉटलला ०.८६ ते ०.८८ ठेवा, सावकाश चालवताना १. जुने रबरी पाइपही बदला, ई२० त्यांना फुगवतं.

इंजेक्टर पुरतात का ते असं काढा: मूळ ८५ बीएचपी, सुधारून १०० धरू. त्याला प्रत्येक इंजेक्टरमागे ८५ टक्के ड्युटीवर (८५ टक्के वेळ उघडा) साधारण १५५ सीसी प्रति मिनिट, ई२० साठी ९ टक्के वाढवून १७० च्या आसपास. इंजेक्टर साफ करायला द्याल तेव्हा फ्लो मोजून आकडा लिहून घ्या.

गोव्यासाठी एक खास गोष्ट. ३२ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेला हवेतला जवळजवळ ४ टक्के भाग नुसती वाफ असते, ऑक्सिजन तेवढा कमी. त्यावर इलाज नाही, पण बॉनेटखालची गरमी टाळता येते. ३५ अंशांऐवजी ६० अंशांची हवा ओढली तर घनता साडेसात टक्क्यांनी घटते. कॅमवर खर्च करून जेवढं मिळवणार, त्यातलं बरंच उघडा पॉड फिल्टर गिळून टाकतो. मूळ एअरबॉक्स ठेवा, पाइप हेडलाइटमागून वरच्या बाजूने घ्या. खाली बंपरमध्ये उतरवलात तर जूनमध्ये साचलेलं पाणी थेट सिलिंडरमध्ये जाईल.

फोंडाकार:
पीयूसी?

टायमिंगबेल्ट:
तुमच्या गाडीला आयडलला सीओ ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएम ही मर्यादा. ‘अ’ वर, मिश्रण नीट बसवलं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर ठेवला तर अडचण नाही. ‘ब’ वर आयडलला न जळलेलं पेट्रोल थेट एक्झॉस्टमध्ये जातं, हायड्रोकार्बन तिथेच मर्यादा ओलांडतं. दुसरं, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लक्षात ठेवा. आरसीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, म्हणून काहीही बदलण्याआधी आरटीओत विचारा.

फोंडाकार:
ठरलं तर. ‘अ’ च, पण १ मिमीवरचे आकडे आणि हार्डनिंगचा कागद हातात आल्यावर. सोबत अॅडजस्टेबल पुली, नवा बेल्ट, टेन्शनर आणि वाइडबँड. हेड घासत नाही. आधी आरटीओत जाऊन येतो.

डायलगेज:
बरोबर. ५०० किलोमीटरनंतर इंजिन पूर्ण गार असताना, शक्यतो सकाळी, लॅश पुन्हा मोजा. मूळ मॅन्युअलचा आकडा न घेता कॅमच्या कार्डावरचा घ्या. एखाद्याच व्हॉल्व्हची फट ०.०५ मिमीहून जास्त वाढलेली दिसली तर नुसती आवळून पुढे जाऊ नका, तो लोब उघडून बघा.