यॉटवर आतल्या कामाला लागायचंय? ठाऊक असेल ते लिहा

गुहागरची आत्या
माळा आवरताना जुन्या बॅगेत सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक) सापडलं, आणि त्यात घडी घालून ठेवलेला इस्त्रीच्या खुणांचा कागद. शेजारची मुलगी नुकतीच हॉटेलात हाउसकीपिंगला लागलीय. यॉटवर इंटिरिअरला (आतली साफसफाई, लाँड्री, टेबल) कसं लागतात म्हणून मागे लागली होती. तिच्यासाठी हा धागा. आपापल्या कथा पुन्हा कधीतरी, इथे फक्त कामाचं लिहा.

कागदांपासून सुरू करते, कारण क्रम चुकला की पैसे आणि महिने दोन्ही जातात. आधी इन्डॉस नंबर (खलाशाचा सरकारी नोंदणी क्रमांक). तो नसेल तर मान्यताप्राप्त संस्था कोर्सला बसवत नाही. मग बेसिक सेफ्टीचे पाच कोर्स: पाण्यात तगून राहणं, आग विझवणं, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा-जबाबदाऱ्या आणि सिक्युरिटी. त्यानंतर सीडीसी. यातले पाण्याचा आणि आगीचा हे दोन कोर्स दर ५ वर्षांनी ताजे करावे लागतात, ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

मेडिकलही दोन असतात. एक डीजी शिपिंगने (जहाजांचं सरकारी खातं) नेमलेल्या डॉक्टरचं, आपल्या कागदांसाठी. ब्रिटिश किंवा केमन बेटांच्या झेंड्याची (म्हणजे तिथे नोंदवलेली) यॉट मात्र बहुतेक वेळा ईएनजी-१ (ब्रिटिश वैद्यकीय दाखला) मागते. ते त्यांच्या यादीतल्याच डॉक्टरकडे होतं आणि जास्तीत जास्त २ वर्षं चालतं. एक झालं म्हणून दुसरं होत नाही.

दाभोळ खाडी
पाण्याच्या कोर्सबद्दल. विहिरीत सूर मारणाऱ्यांनाच जास्त घाम फुटतो, कारण इथे पोहण्यापेक्षा जॅकेटशी झटापट असते. लाइफ जॅकेट १ मिनिटाच्या आत बांधायचं, इमर्शन सूट (थंड पाण्यापासून वाचवणारा अंगभर पोशाख) २ मिनिटांत. मग उंचावरून उडी: एका हाताने नाक-तोंड धरायचं, दुसऱ्याने जॅकेट खाली दाबून धरायचं, पाय जुळवलेले, नजर समोर. जॅकेट धरलं नाही तर पाण्यावर आपटताना ते वर येऊन हनुवटीवर बसतं. उलटा झालेला राफ्ट (फुगवलेला तराफा) सरळ करायचा असेल तर वारा बघून उभं राहा, तो अर्धं काम करतो.

मालवणचो झील
एजंटाक एक रुपयो देव नको. मागलो तर थयसूनच परत फिर. पैसे मागता तो एजंट नाय, गळ टाकून बसलेलो आसा.

गुहागरची आत्या
झील बरोबर बोलतोय. नोकरी लावून देणाऱ्याकडे डीजी शिपिंगचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना हवा. त्याचा नंबर मागा आणि सरकारी यादीत स्वतः पडताळा. भरतीची फी खलाशाकडून घ्यायची नाही असा नियमच आहे. मेडिकल, पासपोर्ट, सीडीसी, कोर्स यांचा खर्च आपला. 'जागा पक्की करायला' म्हणून जे मागतात ते बेकायदा.

काजूगर
व्हिसाचं कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते (भात लावलाय, शिटी होईपर्यंत). परदेशी व्हिडिओत दाखवतात तसं फ्रान्सच्या अँटिब नाहीतर स्पेनच्या पाल्माच्या धक्क्यावर सीव्ही वाटत फिरायचं, हे आपल्या पासपोर्टवर जमवायला जाऊ नका. युरोपच्या शेंगेन टुरिस्ट व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, काम करता येत नाही. आपण इथूनच अर्ज करायचा आणि बोटीने दिलेल्या नेमणुकीच्या पत्रावर जायचं. अमेरिकेकडे जाणाऱ्या यॉटला बी१/बी२ व्हिसा लागतो. क्रूझवाल्यांचा सी१/डी (जहाजावरच्या कामगारांचा व्हिसा) असेल तर त्यावर एका खेपेला २९ दिवसच मिळतात, म्हणून यॉटवाले नाक मुरडतात.

चिपळूण एक्सप्रेस
भूमध्य समुद्राचा सीझन साधारण मे ते सप्टेंबर. भरती मार्च-एप्रिलला. म्हणजे शिमग्यात मुलाखत आणि गणपतीत ड्युटी 😭

मालवणचो झील
गणपतीक सुट्टी गावता अशी बोट दाखवा, मी पण येतंय.

चिपळूण एक्सप्रेस
कॅरिबियनचा सीझन घ्या, नोव्हेंबर ते एप्रिल. शिमगा जाईल पण बाप्पा मिळेल. गावी यायच्या रेल्वे तिकिटाचं मात्र तुमचं तुम्ही बघा, ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता खिडकी उघडते आणि मिनिटात वेटिंग.

इस्त्रीवाली_रत्नागिरी
मुख्य गोष्ट राहिलीच. नव्या मुलीला पहिल्या दिवसापासून टेबलाशी उभं करत नाहीत, बहुतेक लाँड्रीत धाडतात. म्हणून लाँड्री शिकून जा.

खुणा: इस्त्रीवर एक ठिपका ११० अंश, दोन १५०, तीन २००. रेशमाला एक, लोकरीला दोन, सुती आणि लिननला तीन. लिननचा नॅपकिन ओलसर असतानाच घ्या, वाळल्यावर कितीही दाबा, सुरकुती जात नाही. भरतकाम असेल तर खाली जाड टॉवेल आणि उलट्या बाजूने. गडद कपडे कायम उलट्या बाजूने, नाहीतर चकाकी येते आणि ती जात नाही.

आता सनस्क्रीन. पांढऱ्या टॉवेलवर आणि चादरीवर सगळ्यात जास्त डाग याचेच. बऱ्याच सनस्क्रीनमध्ये अ‍ॅव्होबेन्झोन असतं. त्याची पाण्यातल्या लोहाशी गाठ पडली की गंजासारखा केशरी डाग उठतो. नवी पोरगी घाबरून क्लोरीनचं ब्लीच ओतते आणि डाग आणखी पक्का होतो. ब्लीच अजिबात नाही. आधी भांड्याचा साबण चोळून तेल काढा, मग कपड्याला सोसेल तितक्या गरम पाण्यात धुवा. केशरी झालाच असेल तर तो गंजाचा डाग समजून गंज काढणारं औषध वापरा, आधी आतल्या शिवणीवर लावून बघा. डाग पूर्ण जाईपर्यंत ड्रायरमध्ये टाकू नका, उष्णतेने तो बसतो. आपल्याकडे जांभ्यातल्या विहिरीच्या पाण्याने पांढरे सदरे तांबूस होतात ना, त्यातलाच प्रकार.

रक्ताला थंड पाणी. गरम घातलंत तर संपलं.

कोकम सरबत
आमसुलाच्या डागाचं काय ताई?

इस्त्रीवाली_रत्नागिरी
यॉटवर सोलकढी कोण पितंय बाबा! घरी सांडली असेल तर ताबडतोब थंड पाणी, मग व्हिनेगर. साबणाने आधी रंग बदलतो आणि मग माणूस घाबरतो.

दाभोळ खाडी
लाँड्रीतच आगीचं लिहा ना. ड्रायरची जाळी प्रत्येक खेपेनंतर साफ करायची, 'नंतर करू' नाही. आणि मसाज तेलाचे टॉवेल किंवा गॅलीतली (बोटीच्या स्वयंपाकघरातली) तेलकट फडकी ड्रायरमधून काढून गरम गरम ढीग मारून ठेवायची नाहीत. धुतल्यावरही धाग्यात तेल राहतं, ते हवेशी संयोग पावून आतल्या आत तापतं आणि कोणी काडी न लावता ढीग पेटतो. ड्रायरचं थंड करण्याचं चक्र पूर्ण होऊ द्या, मग पसरून ठेवा. तेलाच्या कढईला आग लागली तर पाणी नाही, फायर ब्लँकेट.

काजूगर
शिट्ट्या झाल्या. बाथरूमबद्दल दोन ओळी. संगमरवराला व्हिनेगर, लिंबू काही लावायचं नाही. दगड चुन्याचा, आम्लाने वरचा थर विरघळतो आणि पांढुरका धब्बा पडतो. तो डाग नव्हेच, दगड खाल्ला गेलेला असतो, मग पुसून काय होणार? परत पॉलिशच करावं लागतं आणि तो खर्च चीफ स्ट्यूला (आतल्या कामाच्या प्रमुखाला) कॅप्टनसमोर सांगावा लागतो. न्यूट्रल साबण आणि कोरडं फडकं, बस. आरशाला मात्र व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं चालतं, पण फवारा फडक्यावर मारा, आरशावर नाही. ओघळ खालच्या दगडावर जातात.

आणि ब्लीच व व्हिनेगर एकत्र कधीच नको, क्लोरीन वायू सुटतो. यॉटचं बाथरूम म्हणजे कपाटाएवढं, खिडकी असलीच तर बंद.

नळाच्या बुडाशी, झडपेच्या खाचेत इअरबड आणि दातांचा जुना ब्रश. यालाच डीटेलिंग म्हणतात. तपासणारी बाई उभी राहून बघत नाही, कमोडवर बसून आणि बिछान्यावर आडवी पडून बघते, कारण पाहुण्याला तिथूनच दिसतं.

वेंगुर्ल्याची आई
मुलगी जायचं म्हणते. यजमान नको म्हणतात. सुरक्षित असतं का हो?

गुहागरची आत्या
ताई, हो किंवा नाही असं एका शब्दात सांगता येणार नाही, करार बघून ठरवा. त्यात मालकाचं किंवा कंपनीचं नाव, बोटीचा झेंडा, पगार कुठल्या चलनात आणि कधी, आणि परतीचं तिकीट कोणाच्या खर्चाने हे लिहिलेलं हवं. चार्टरला (भाड्याने) जाणाऱ्या यॉटला साधारणपणे एमएलसी २००६ हा खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय नियम लागू होतो: २४ तासांत किमान १० तास विश्रांती, आठवड्याला ७७ तास, महिन्याला किमान अडीच दिवस भरपगारी रजा. फक्त मालकाच्या खासगी वापराच्या यॉटला तो लागू नसतो, तिथे जे करारात तेच खरं. केबिन कोणाबरोबर वाटून घ्यायची, दाराला आतून कडी आहे का, हे विचारायला लाजू नका. ज्युनिअरला साधारण २,००० ते ३,००० युरो महिना मिळतात, टिप वेगळी. याच्या दुप्पट कोणी सांगत असेल तर झीलचा गळ आठवा.

वेंगुर्ल्याची आई
धन्यवाद ताई. हे यजमानांना वाचून दाखवते.

सागरगोटा
सीव्ही दोन पानांच्या आत. वर हसरा फोटो, पांढरा पोलो, केस बांधलेले, मागे सेल्फीतला फॅन नको. जन्मतारीख, व्हिसे, ईएनजी-१ कधी संपतं, टॅटू दिसतो का, सगळं वरच. 'होमस्टेमध्ये काम केले' असं नका लिहू. तारकर्लीत ६ खोल्या, रोज किती बिछाने, किती जणांचा नाश्ता, आकडे लिहा. फूड सेफ्टी लेव्हल २ (अन्नाच्या स्वच्छतेचा कोर्स) करून टाका. मुंबईच्या गेटवेवरून सुटणाऱ्या खासगी बोटींवर ऑक्टोबर ते मे काम असतं, पावसाळ्यात सगळं बंद. तिथला अनुभवही लिहिण्यासारखा आहे.

दाभोळ खाडी
नांगर उचलायच्या आधीचं: फुलदाण्यांतलं पाणी ओतून द्यायचं, ऑर्किडच्या कुंड्या बाथटबमध्ये टॉवेलात. कपाटांच्या खिट्ट्या हाताने ओढून बघायच्या, नुसत्या डोळ्यांनी नाही. खिडक्यांचे स्क्रू आवळायचे. ग्लासांखाली न घसरणारी चटई. एक ड्रॉवर राहिला तरी तो रात्रभर आपटतो, आणि पाहुणा सकाळी तेवढंच बोलतो.

चिपळूण एक्सप्रेस
आणि उलटीची गोळी निघायच्या तासभर आधी, मळमळायला लागल्यावर नाही. झोप येते त्याने, डॉक्टरला विचारून घ्या आणि आधी घरी एकदा घेऊन बघा.

कोकम सरबत
प्रश्न. अभ्र्याचं तोंड कुठल्या बाजूला ठेवायचं? चुलतभाऊ म्हणतो काही फरक पडत नाही.

इस्त्रीवाली_रत्नागिरी
दाराच्या उलट बाजूला. आत आल्यावर शिवण दिसली पाहिजे, तोंड नाही. चुलतभावाला लाँड्रीत पाठव.