मदत हवी आहे : गाळातलं पाणी हवा न लागू देता कसं काढायचं?

नमस्कार मंडळी. मी भुसावळचा, एम.एस्सी.चा प्रकल्प करतोय. विषय तापीच्या गाळातून पाण्यात उतरणारे विरघळलेले सेंद्रिय पदार्थ. एक नमुना हतनूरच्या जलाशयातला (चांगदेवला पूर्णा मिळते, त्याच्या खालचा), दुसरा सुरतेत सिंगणपूरच्या बंधाऱ्याखालचा, जिथे भरतीचं खारं पाणी येतं.

अडचण लोहाची आहे. गाळात ऑक्सिजन संपला की जिवाणू लोहाची ऑक्साइडं विरघळवतात आणि त्यांना चिकटलेला सेंद्रिय कार्बनही सुटतो. पण नमुन्याला हवा लागली की लोह पुन्हा गंजासारखं बसतं आणि तो कार्बन सोबत घेऊन जातं. म्हणजे मोजायचं तेच हातातून निसटतं! शिवाय विरघळलेलं लोह २५४ नॅनोमीटरला प्रकाश शोषतं, त्यामुळे त्या शोषणावरून काढलेला सेंद्रिय पदार्थांचा आकडाही फुगतो. खाडीत सल्फाइडमुळे लोह अडकतं, म्हणून दोन्ही ठिकाणांची थेट तुलना करायला मन धजत नाही.

कॉलेजात ग्लोव्ह बॉक्स (हातमोजे बसवलेली, हवा न शिरणारी पेटी) नाही. नायट्रोजनचा सिलिंडर आणि जाड प्लास्टिकची पिशवी यावर कुणी काम भागवलंय का? नळीत उभा घेतलेला गाळाचा नमुना त्या पिशवीतच कापून सेंट्रिफ्यूज करावा (गरगर फिरवून पाणी वेगळं करावं), की रायझॉनने (गाळात खुपसायच्या बारीक सच्छिद्र नळीने) पाणी ओढावं? रायझॉनची छिद्रं ०.१५ मायक्रॉनची, माझे काचतंतूचे फिल्टर ०.७ चे, मग आकडे जुळणार कसे?

फिल्टर ४५० अंशांवर भाजून घेतो, नमुना आम्ल घालून पीएच २ वर ठेवतो, तेवढं जमतं. जळगाव-धुळ्याकडे बाहेरच्या विद्यार्थ्यांचे नमुने टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन मोजणाऱ्या) यंत्रावर लावून देणारं कुणी माहीत असेल तर तेही सांगा. पावसाळ्याआधी नमुने घ्यायचेत.