मदत हवी आहे : स्कॅन ‘सर्व ठीक’ सांगतो, तरी जाहिराती थांबत नाहीत

नमस्कार मंडळी,

आमच्या घरच्या संगणकाच्या मागे गेले बारा दिवस एक पीडा लागली आहे. मी इंदूरला राहते. संगणकाचे माझे ज्ञान शाळेची निकालपत्रके आणि बँकेचे व्यवहार एवढ्यापुरतेच आहे, त्यामुळे कुठे काही चुकीचे लिहिले गेले तर सांभाळून घ्यावे.

संगणक 2018 साली घेतलेला, विंडोज 10 असलेला साधा डेस्कटॉप आहे आणि तो मुख्यतः माझे सासरे वापरतात. त्यांचे वय 77. गेली सहा वर्षे ते आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहीत आहेत, त्याची 412 पाने झाली आहेत. नोकरीत रेमिंग्टनच्या हिंदी टंकलेखनयंत्रावर त्यांचा हात बसला आणि कृतिदेव फॉन्टची कळरचना तीच असल्यामुळे त्यांनी सगळे लेखन कृतिदेवमध्येच केले. आता पुण्याच्या छापखान्याने मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात, मागितला आहे. पहिल्या दोन परिवर्तकांनी ‘ऱ्या’चे पार वाटोळे केले, म्हणून बाबा तिसऱ्याच्या शोधात निघाले आणि तिथेच घात झाला.

त्या पानावर ‘डाउनलोड’ असे लिहिलेली तीन मोठी हिरवी बटणे होती. खरा दुवा त्यांच्या खाली बारीक निळ्या अक्षरांत होता, हे मला नंतर शांतपणे पाहिल्यावर कळले. शिवाय ‘आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ अशी सूचना आली आणि बाबांनी ती आज्ञाधारकपणे पाळली. ज्यांनी सदतीस वर्षे एकही कागद वाचल्याशिवाय सही केला नाही, त्यांच्याकडून हे व्हावे याचे त्यांना स्वतःलाच फार वाईट वाटते आहे. त्यामुळे घरात हा विषय मी मोठ्याने काढत नाही.

तेव्हापासूनची लक्षणे सांगते. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली दर दोन-चार मिनिटांनी एक चौकट वर येते आणि तीत ‘आपके कंप्यूटर में 5 वायरस मिले’ असे लिहिलेले असते. सोबत एका प्रसिद्ध अँटिव्हायरसचे चिन्ह असते, जे आम्ही कधी विकतच घेतलेले नाही. क्रोम उघडले की आमचे नेहमीचे पान येण्याऐवजी भलतेच शोधपान येते. काहीही शोधले तरी क्षणभर एक अनोळखी पत्ता चमकून जातो आणि मग जाहिरातींनी भरलेली यादी दिसते. पीडीएफ वाचण्याचे म्हणून एक एक्स्टेंशन (क्रोमला जोडला जाणारा छोटा प्रोग्रॅम) बसले आहे. ते मी काढून टाकते, आणि संगणक बंद करून पुन्हा चालू केला की ते परत हजर. सर्वांत चमत्कारिक गोष्ट अशी की माझ्या मुलाच्या पुण्यातल्या लॅपटॉपवरही तेच एक्स्टेंशन दिसू लागले आहे. त्याने तर असले काहीच उतरवून घेतलेले नाही. विषाणू इंदूरहून पुण्याला गेला तरी कसा?

मागच्या बुधवारी तर संपूर्ण पडदा निळा झाला, भोंगा वाजू लागला आणि ‘संगणक बंद करू नका, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा’ असा मजकूर आला. बाबांनी चष्मा लावून क्रमांक कागदावर उतरवून घेतला होता आणि फोन हातात घेतला होता, तेवढ्यात मी शाळेतून आले आणि सरळ प्लग काढला.

मी विंडोजमधल्याच डिफेंडरने संपूर्ण स्कॅन केला. तो 11 मिनिटांत आटोपला आणि ‘कोणताही धोका नाही’ असे त्याने सांगितले. जेल रोडवरच्या ज्या दुकानातून आम्ही 2023 मध्ये हार्ड डिस्क बदलून घेतली होती, तिथला मुलगा घरी येऊन दोन मिनिटांत म्हणाला, “आंटी, फॉर्मेट मारना पड़ेगा.” त्याचे 700 रुपये, आणि माहिती वाचवायची असेल तर ते पैसे वेगळे.

पैशांपेक्षा मला कुलवृत्तांताची चिंता अधिक आहे. फॉरमॅट खरोखरच अटळ आहे का? त्या फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या तर विषाणूही सोबत येईल का? आणि स्कॅनला काहीच सापडत नसेल, तर हे सारे येते कुठून?

पहिला प्रतिसाद (बडोद्याहून)

ताई, आपण लक्षणे इतकी नीट लिहिली आहेत की अर्धे निदान त्यातच झाले. आपल्याला एक दुखणे वाटते आहे, पण ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत.

कोपऱ्यातली चौकट हा विषाणू नव्हेच. ‘अलाऊ’ दाबताना बाबांनी त्या संकेतस्थळाला सूचना पाठवण्याची परवानगी दिली. वर्तमानपत्राचे संकेतस्थळ ताज्या बातमीची सूचना पाठवते, त्याच वाटेने हे लोक खोट्या धोक्याच्या जाहिराती पाठवतात. संगणकावर कोणतीही फाइल नसल्यामुळे स्कॅनला सापडणार तरी काय? क्रोमच्या सेटिंग्जमध्ये गोपनीयता आणि सुरक्षा या विभागात साइट सेटिंग्ज आहे, त्यात सूचनांची यादी मिळेल. परवानगी दिलेली जी नावे अनोळखी वाटतील ती सगळी काढून टाका. चौकटी तत्काळ थांबल्या पाहिजेत.

एक्स्टेंशन परत येते, याचा अर्थ त्याला कोणीतरी परत आणून बसवते आहे. विंडोजच्या सेटिंग्जमधली बसवलेल्या ॲप्सची यादी तारखेनुसार लावा आणि बाबांनी ते परिवर्तक घेतले त्या दिवशी आणखी काय काय बसले ते पाहा. असल्या इन्स्टॉलरमध्ये दोन-तीन बिनकामाच्या वस्तूंसमोर आधीच खूण केलेली असते आणि ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करणाऱ्याच्या त्या लक्षात येत नाहीत. त्या काढून झाल्यावर ॲडव्क्लीनर हे सफाईचे साधन चालवा. ते फुकट आहे आणि बसवावे लागत नाही, मात्र मालवेअरबाइट्सच्या अधिकृत पानावरूनच घ्या, नाहीतर पुन्हा तीन हिरव्या बटणांशी गाठ पडेल. लपवून ठेवलेली वेळापत्रकातली कामे (विंडोज ठरल्या वेळी आपोआप चालवते ती) आणि बदललेल्या सेटिंग्ज ते बऱ्याचदा शोधून काढते. क्रोममध्ये पूर्वी साफसफाईचे स्वतःचे साधन होते, पण 2023 मध्ये ते काढून टाकले गेले, तेव्हा जुन्या लेखांतला तो सल्ला आता निरुपयोगी आहे.

पुण्याचे कोडे सोपे आहे. आपण सगळे एकच गूगल खाते वापरत असणार आणि सिंक चालू असणार. एका यंत्रावर बसलेले एक्स्टेंशन त्या खात्याबरोबर दुसऱ्या यंत्रावर जाते. आधी दोन्हीकडे सिंक बंद करा, दोन्ही यंत्रे स्वच्छ करा आणि मगच ते चालू करा.

निळ्या पडद्यावरच्या क्रमांकाचा कागद फाडून टाका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. पलीकडचा माणूस संगणकाचा ताबा देणारे ॲप बसवायला लावतो आणि तेवढ्यात बँकेचे खाते रिकामे होते. असे पान पुन्हा आले तर एस्केपची कळ दाबून धरावी, पूर्ण पडदा सुटतो आणि मग ब्राउझर बंद करता येतो. (कधी पैसे गेलेच, तर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर लगेच फोन करावा. तिथे जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.) तूर्त या संगणकावरून बँकेचे काहीही करू नका आणि महत्त्वाचे पासवर्ड फोनवरून बदला.

मला खरा संशय मात्र त्या 11 मिनिटांचा आहे. 2018 च्या यंत्रावर संपूर्ण स्कॅन इतक्यात होत नाही. डिफेंडरमध्ये एक्सक्लूजन्स, म्हणजे ‘इथे पाहू नकोस’ अशी एक यादी असते. ती उघडून तीत काय आहे ते इथे कळवाल का?

धागाकर्तीचे उत्तर

मनापासून आभार. सूचनांच्या यादीत 23 अनोळखी संकेतस्थळे निघाली. शेवटचे नाव काढले आणि चौकटी थांबल्या. बाबा पाऊण तास पडद्यासमोर घड्याळ घेऊन बसले होते. त्या तारखेच्या तीन वस्तू बसवलेल्या ॲप्समध्ये होत्या, त्या काढल्या. ॲडव्क्लीनरला वेळापत्रकात लपवलेले एक काम सापडले, आणि त्यानंतर दोनदा संगणक बंद-चालू करूनही एक्स्टेंशन आलेले नाही. सिंकचा अंदाजही अचूक निघाला.

आता तुमच्या संशयाविषयी. त्या यादीत एकच नोंद होती आणि ती संपूर्ण सी ड्राइव्हची होती! म्हणजे पहारेकऱ्याला घराकडे पाठ करून बसवले होते. ती नोंद काढून मी पुन्हा स्कॅन लावला. तो 3 तास 40 मिनिटे चालला आणि त्याने नऊ वस्तू पकडल्या. त्यांतल्या एकीचे नाव हॅकटूल या शब्दाने सुरू होते आणि तिची तारीख आहे 2023 ची, हार्ड डिस्क बदलून आणली त्याच आठवड्यातली. दुकानाने तेव्हा ऑफिसही ‘डालके’ दिले होते आणि मी ते कौतुकाने घरी आणले होते. बाबांच्या हिरव्या बटणाच्या कितीतरी आधीपासून दार उघडेच होते, हे त्यांना सांगितल्यावर त्या रात्री ते पहिल्यांदा नीट जेवले.

दुसरा प्रतिसाद (ग्वाल्हेरहून)

आता मात्र माझे मत फॉरमॅटच्या बाजूने आहे, फक्त ते त्या दुकानाकडून नको. चोरीचे ऑफिस चालू करणारे साधन दिसले तर डिफेंडर ते अडवणार, म्हणून दुकानदार आधी डिफेंडरचेच डोळे बांधतात. दोन-अडीच वर्षे त्या आंधळ्या ड्राइव्हवर आणखी काय काय येऊन गेले, याची खात्री नऊ वस्तू पकडून होत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साधनाने विंडोज बसवण्याचा किमान 8 जीबीचा पेनड्राइव्ह तयार करा आणि तो दुसऱ्या स्वच्छ संगणकावर तयार करा. खरेदीच्या वेळचे विंडोज अधिकृत असेल तर त्याच यंत्रावर पुन्हा बसवल्यावर ते बहुधा आपोआप सक्रिय होते. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे, त्यामुळे यंत्र विंडोज 11 चालवू शकते का हेही याच वेळी तपासा. 2018 च्या पुष्कळ संगणकांचा प्रोसेसर त्या निकषात बसत नाही. नसेल बसत, तर वाढीव सुरक्षा-अद्यतनांची नोंदणी करावी आणि बँक फोनवरच ठेवावी. ऑफिसच्या जागी लिब्रे ऑफिस घ्या. ते फुकट आणि कायदेशीर आहे, आणि त्यात कृतिदेवही चालते.

फाइली नेताना विंडोजला फाइलींची शेपटे, म्हणजे नावातल्या टिंबानंतरची अक्षरे, पूर्ण दाखवायला सांगा. वर्डची फाइल असेल तेवढीच उचला. चिन्ह वर्डचे पण शेपूट ईएक्सई (म्हणजे तो चालणारा प्रोग्रॅम) असे काही दिसले तर हात लावू नका. मॅक्रो (फाइलीत दडलेल्या आपोआप चालणाऱ्या आज्ञा) चालू करू का, असे वर्डने विचारले तर नाही म्हणा. आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात, ती म्हणजे फॉन्ट. कृतिदेवमध्ये खरी अक्षरे इंग्रजीच असतात, त्यांचे रूप तेवढे देवनागरी दिसते. फॉन्ट सोबत नेला नाही, तर नव्या यंत्रावर ‘मराठी’ हा शब्द ई-जे-के-बी-एच असा दिसेल आणि बाबांना वाटेल की सहा वर्षे गेली. फॉन्ट्सच्या फोल्डरमधून तोही पेनड्राइव्हवर घ्या, म्हणजे तो शोधत पुन्हा जाळ्यात फिरावे लागणार नाही.

परिवर्तनासाठी काही उतरवून घ्यायची गरजच नाही. पानावरच मजकूर डकवून युनिकोड मिळवता येणारी परिवर्तके आहेत. डाउनलोड किंवा अलाऊ मागणारे पान उघडले की ते बंद करावे.

धागाकर्तीचे उत्तर

फॉन्टचे माझ्या डोक्यातही आले नसते. काल रात्री 412 पाने आणि कृतिदेव असे दोन्ही दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर घेतले. त्यांतला एक बाबांच्या कपाटात, देवांच्या पोथ्यांशेजारी गेला आहे. मुलगा शनिवारी पुण्याहून येतो आहे. विंडोजचा पेनड्राइव्ह तो स्वतःच्या लॅपटॉपवर करून आणेल, अर्थात तो लॅपटॉप आधी स्कॅन करून. यंत्र विंडोज 11 च्या निकषात बसत नाही असे दिसले, म्हणून वाढीव अद्यतनांची नोंदणी करणार आहोत.

डकवून परिवर्तन करणाऱ्या पानावर बाबांनी आज सकाळी शाळेच्या लॅपटॉपवर पहिले प्रकरण करून पाहिले. ‘ऱ्या’ तिथेही मोडतोच, पण प्रत्येक ठिकाणी एकाच पद्धतीने मोडतो, त्यामुळे शोधा-आणि-बदला वापरून एका फटक्यात 61 जागा दुरुस्त झाल्या. ‘ॲ’ मात्र एकेक करून हातानेच घालावा लागतो आहे. त्यालाही काही युक्ती असेल तर सांगावे.